मी पडले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची कडी आहे. दिसायला साधी, पायाच्या अंगठ्यात घातली तर बेताने बसेन एवढी. शाळेच्या पुस्तकांतून फाटकी छत्री बोलते, बंद पडलेले घड्याळ बोलते, म्हातारा बैलसुद्धा चार पाने आपले दुःख सांगतो. मला मात्र कोणी बोलावले नाही. माझी गोष्ट पोराबाळांसमोर सांगण्यासारखी नाही म्हणे. का नाही? मी चोरी केली नाही की चहाडी केली नाही. मी एका बाईच्या पोटात राहिले. तुम्हीही सगळे तिथूनच आला आहात. तेव्हा नाके मुरडू नका, नीट बसा आणि ऐका.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्या जन्मी मी जोडवी होते, भिकुबाईच्या पायातली. प्रकाशा गावाजवळ तापीकाठी तिचे घर, काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी. तिच्या पावलांबरोबर मी वीस वर्षे त्या शेतांतून फिरले. मग एका उन्हाळ्यात तिचा नवरा तापाने गेला. चार बायांनी मिळून मला तिच्या बोटांतून ओढून काढले. साबण लावूनही निघत नव्हते. निघाले तेव्हा बोटांभोवती पांढरी गोरी वर्तुळे उरली होती, तिथे कधी ऊन लागलेच नव्हते. मला एका चिंधीत बांधून पेटीच्या तळाशी टाकले. विधवेची जोडवी कोणी घालत नाही आणि कोणी मोडायलाही काढत नाही. अपशकुन म्हणतात. नऊ वर्षे मी त्या अपशकुनाच्या चिंधीत पडून होते, आणि माझ्याने एकाही माणसाचे वाईट झाले नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

त्या घरात दगूबाई सून म्हणून आली होती. भिकुबाईचा मुलगा दोधू तिचा नवरा. माणूस कष्टाळू, स्वभावाने गरीब, फक्त बोलायची वेळ आली की त्याला बैलांना पाणी पाजायचे आठवायचे. दगूबाईची पाच बाळंतपणे झाली. तीन मुले हाताशी राहिली, दोन गेली. पाचव्या वेळी रक्त थांबेना. तिला खाटेवर घालून, होडीतून तापी ओलांडून, पुढे बैलगाडीने नंदुरबारच्या दवाखान्यात आणले. तिथे पुण्याकडून आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. नाव कोणी घेत नसे, सगळे डॉक्टरीणबाईच म्हणत. त्यांनी दगूबाईला वाचवले आणि बाहेर येऊन भिकुबाईला सरळ सांगितले, की सहावे मूल राहिले तर आई राहणार नाही.

आता असे सांगणे सोपे असते. पुढे काय करायचे हे कोण सांगणार? दोधूने मान खाली घातली. भिकुबाईने मात्र विचारले, की मग उपाय काय. डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा परदेशी वैद्यकीय अंकात वाचले होते, की चांदीची कडी गर्भाशयात बसवली तर मूल राहत नाही. तयार कड्या मागवल्या होत्या, त्या कधी आल्या नाहीत. चांदी असेल तर सोनाराकडून करून घेता येईल, असे त्या म्हणाल्या.

मित्रांनो, भिकुबाई तशीच गावी परत गेली आणि मला घेऊन आली. दगूबाईची जोडवी काढता येत नव्हती, तिचे सौभाग्य होते ते. दुसरी चांदी घरात होती, पण ती दोधूच्या काकांना विचारल्याशिवाय हलवता आली नसती, आणि काकांनी विचारले असते कशासाठी. माझ्याबद्दल कोणी काही विचारणार नव्हते. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती चिंधी सुटली.

इथून पुढे जी चूक झाली ती नीट ऐका, कारण तिचे खापर आजवर माझ्या डोक्यावर फोडले जाते. दवाखान्यात मगन नावाचा कंपाउंडर होता, पन्नाशीचा, सज्जन, देवभोळा. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढून त्याच्या हाती दिला, मला त्याच्या हाती दिले आणि चुडामण सोनाराकडे पाठवले. दवाखान्याच्या कामाची कडी आहे म्हणून सांग, एवढेच म्हणाल्या. त्यांनाही बाजारात त्याहून जास्त बोलले जायला नको होते. मगनला तेवढेही सांगवेना. दवाखान्याच्या कुठल्या कामाची, असे सोनाराने विचारले असते तर? म्हणून त्याने ठोकून दिले, की एका लहान सुनेचे अनवट करायचे आहे, पायाच्या अंगठ्यातले. एकच कसे, असे चुडामणने विचारले. दुसरे हरवले, असे मगन म्हणाला. सज्जन माणसे खोटे बोलायला लागली की फार नेटके बोलतात.

चुडामणचा हात बारीक होता. त्याने मला वितळवले, मजबुतीसाठी चिमूटभर तांबे घातले, तार ओढली, वळवली. त्याच्या मनात ती लहान सून होती. दहा-बारा वर्षांची पोर, तिचा पाय अजून वाढायचा. अनवट पक्के जोडले तर दोन वर्षांत बोटात रुतेल आणि करवतीने कापावे लागेल. म्हणून जे कुठलाही भला सोनार करतो ते त्याने केले. तापवून टाका मारून जोडले नाही, तोंड उघडे ठेवले. दोन्ही टोके एकमेकांना अशी भिडवली की मध्ये केस जाणार नाही, पण गरज पडली तर उकलतील. त्याने दया केली हो. ती दया चुकीच्या पत्त्यावर गेली, कारण पत्ता कोणी सांगितलाच नव्हता. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

डॉक्टरीणबाईंनी मला उकळत्या पाण्यात घातले, उलटून पालटून पाहिले. टोके त्यांना दिसली. पण इतकी घट्ट भिडली होती की त्यांना तो जोडच वाटला. मग मी दगूबाईच्या पोटात, तिच्या गर्भाशयात जाऊन बसले. गर्भाशय हा शब्द आहे, शिवी नाही. आकाराने लहानसर पेरूएवढी जागा, भिंती जाड, उबदार. मला ती आवडली.

माझे चांगले दिवस तिथलेच. दीड वर्ष मी काम केले आणि चोख केले. मला हलवावे लागत नव्हते, पुसावे लागत नव्हते. दगूबाईच्या अंगावर मांस धरले. पूर्वी ती उभ्याउभ्या भाकरी खायची, आता मांडी घालून बसून खाऊ लागली. धाकट्या पोरीला ती दोन वर्षांची होईपर्यंत अंगावर पाजले, आधीच्या कोणालाही इतके मिळाले नव्हते. कापूस वेचताना ती गाणी म्हणायची, आवाज काही फार बरा नव्हता. आणि दोधूशी ती पुन्हा हसून बोलू लागली, कारण आता त्याच्या जवळ येण्याची तिला भीती वाटत नव्हती. माझे कौतुक कोणी केले नाही. माझे नावच घ्यायचे नव्हते तर कौतुक कुठून होणार? एकदा मात्र भिकुबाई सुनेच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, की आपली जोडवी अखेर कामाला आली. ते मी ऐकले आणि माझी नऊ वर्षांची चिंधी मी त्या दिवशी माफ केली.

पण चांदी मऊ असते आणि गर्भाशयाच्या भिंती काही झोपून राहत नाहीत. दर महिन्याला त्या आवळतात, सैल होतात. बसवताना मला दाबावे लागले होते, तेव्हाच माझी टोके जरा फाकली होती. दर महिन्याला थोडी आणखी फाकली. एक टोक भिंतीला लागले, मग रुतले, मग हळूहळू आत जात राहिले. मी थांबायला पाहिले, पण कडीच्या हातात काय असते? असे फार क्वचित होते. अशा हजार कड्या बसवल्या तर एखादीच भरकटते. पण जिच्या पोटात ती एखादी असते, तिला हजारांचा हिशेब सांगून काय उपयोग? एका सकाळी दगूबाई ज्वारीचे पोते उचलायला वाकली आणि मी भिंतीच्या पलीकडे गेले. तिथे आतड्यांवर चरबीचा एक पातळ पडदा असतो. त्याने मला वेढून धरले. आतड्याची एक घडी माझ्या उघड्या तोंडाशी येऊन अडकू लागली.

दगूबाई पोते सोडून खाली बसली. त्या दिवसापासून जेवण झाले की बेंबीखाली डावीकडे कळ यायची. कधी ताप, कधी ओकारी. दोन महिने तिने अंगावर काढले आणि मग ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासले. बारीक सळईने गर्भाशय चाचपले, सळईला चांदी लागली नाही. लागणार कशी, मी तिथे नव्हतेच. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "कडी पडून गेली आहे. नदीवर धुणं धुताना गेली असेल, तुला कळलं नसेल."

दगूबाई टेबलावरून उतरली. "नही पडनी," ती म्हणाली. "त्या दिनसमा मी नदीवर धुनं लई जास नही. घरना परातमा धुस. पडती तर मन्हा हातले लागती."

हे अगदी खरे होते. तिच्याकडच्या बाया पाळीचे कपडे नदीवर नेत नाहीत. घरामागे, आडोशाला, परातीत धुतात आणि ते पाणी हाताने चाचपून केळीच्या बुडाशी ओततात. दगूबाईने दीड वर्षात एकही परात न चाचपता ओतली नव्हती. सासूची चांदी आहे, जाईल कुठे, असे म्हणून ती दर वेळी बोटे फिरवायची. सळईपेक्षा तिची बोटे जास्त शहाणी होती. पण डॉक्टरीणबाई नदीच्या घाटावर राहत नव्हत्या आणि परातीबद्दल त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांनी पचनाचे औषध दिले आणि महिन्याने ये म्हणून सांगितले.

मला तेव्हा ओरडावेसे वाटले. मी पडले नव्हते, मित्रांनो. पडणाऱ्या कड्या वेगळ्या. मी बाईच्या पोटात होते, तिचे आतडे ओढत होते, आणि कागदावर मी तापीतून वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळाले होते.

घरी भिकुबाईने दुसरेच धरले. सून दुखण्याने वाकडी झालेली पाहून ती कपाळ बडवू लागली. चूक आपली, आपल्या चांदीची. विधवेची जोडवी सवाष्णीच्या पोटात गेली, आता ती सुनेचा जीव घेऊन जाणार. "मन्हं पांढरं कपाळ तुन्हा पोटमा गयं, पोरी," असे म्हणून ती रडली. तिने नवस बोलायला काढला आणि भगताकडे न्यायची गाडीही जुंपायला सांगितली. दोधू बैलांना पाणी पाजायला गेला.

दगूबाईने खाटेवरून मान उचलली. तिला कळ आलेली होती, कपाळावर घाम होता. पण आवाज स्वच्छ होता.

"आत्याबाई, चांदीले काय मालूम, कोना नवरा जित्ता शे आनि कोना मरना? तुम्हनी चांदीनी दीड साल मन्हा जीव वाचाडा. आते ती वाट चुकनी शे. तिले शोधाले पाहिजे, नवस बोलाले नही."

माझ्याबद्दल इतके न्यायाने त्याआधी आणि त्यानंतरही कोणी बोलले नाही.

गाडी जुंपलेलीच होती, ती भगताकडे न जाता तापीच्या उतारातून नंदुरबारला गेली. दगूबाई दवाखान्याच्या ओट्यावर बसली आणि उठेना. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी नाडी पाहिली, पुन्हा तेच सांगितले. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. येणारे जाणारे विचारू लागले, की ही बाई कशासाठी बसली आहे. मगन कंपाउंडर मात्र दहादा दाराशी येऊन तिला पाहून जायचा. ठोकून दिलेले खोटे आता ओट्यावर येऊन बसल्यासारखे त्याला वाटत असणार. त्याने तिला पाणी नेऊन दिले आणि हळूच सांगितले, की सुरतेला एक यंत्र आहे, त्याच्या भावाचा पाय मोडला तेव्हा त्या यंत्राने आतल्या हाडाचा फोटो काढला होता. चांदीही त्यात दिसत असेल.

दगूबाई तडक आत गेली. सुरतेच्या यंत्राला चिठ्ठी द्या, एवढेच तिचे मागणे होते. डॉक्टरीणबाई चिडल्या. नसलेल्या कडीसाठी एवढा प्रवास, तोही अशा अवस्थेत? आपण इतकी वर्षे हेच शिकलो, असेही त्या म्हणाल्या.

"तुम्ही मोठ्या पोथ्या वाचेल शेत, डाक्तरीनबाई," दगूबाई म्हणाली. "पन पोट मन्हं शे. आत काय शे ते माले समजस. चिठ्ठी नही दिधी तर मी आठेच मरसू, तुम्हना ओट्यावर, आनि लोक इचारतीन तवय सांगजा का कडी नदीमा गयी."

चिठ्ठी मिळाली. त्या वेळी दोधूही पुढे झाला, हे सांगायला हवे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्याने चिठ्ठी घेतली, पागोट्यात खोचली आणि बायकोला उचलून टांग्यात बसवले, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत. नंदुरबार ते सुरत ती आगगाडीत आडवी होती, डोके त्याच्या मांडीवर. खांडबाऱ्याला गाडी थांबली तेव्हा तिला हिरवी ओकारी झाली. डब्यातल्या बाया म्हणाल्या उतरवा हिला, बिचारीला घरी तरी मरू द्या. दगूबाईने खिडकीचा गज धरून ठेवला आणि नाही उतरली.

सुरतेच्या दवाखान्यात तिला एका थंड टेबलावर निजवले. फोटोची काच धुऊन बाहेर आणली तेव्हा यंत्रवाला हसला आणि गुजरातीत विचारू लागला, की बाई तू जोडवे गिळलेस काय. काळ्या काचेवर मी होते. पांढरीशुभ्र, कमरेच्या हाडाच्या वर, डावीकडे, जिथे तिचे बोट ठेवलेले असायचे तिथेच. तोंड उघडे. दोधूने ती काच दोन्ही हातांनी धरली आणि तो रडायला लागला. दगूबाई रडली नाही. तिने विचारले, की आता तरी दिसते ना सगळ्यांना.

नंदुरबारला तार गेली. दुसऱ्या गाडीने डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आतडे आणखी पिळले गेले तर दोन दिवसही मिळणार नाहीत, असे तिथल्या मोठ्या सर्जनने सांगितले. पोट उघडायचे ठरले. मूल पुन्हा राहू नये अशी सोयही त्याच वेळी करता येईल, असे ते दोधूला म्हणाले आणि त्याचा अंगठा मागू लागले. दोधूने दगूबाईकडे पाहिले. तिने हात पुढे केला आणि आपला अंगठा शाईत बुडवून आधी उठवला. मग त्याने त्याच्या शेजारी उठवला. सर्जन म्हणाले बाईच्या अंगठ्याची गरज नाही. पण तो कागदावर आधीच उमटला होता.

मला बाहेर काढले तेव्हा मी काळी पडले होते आणि चरबीचा एक धागा माझ्या तोंडात अडकलेला होता. आतडे शाबूत होते. सर्जनने मला एका बशीत टाकले, खण्‌ असा आवाज झाला. या कड्या म्हणजे खूळ आहे, सगळ्या बंद करा, असे ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. चौथ्या दिवशी दगूबाईला पेज पचू लागली, तेव्हा त्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. ते स्टूल ओढायलाही त्यांना जड गेले असणार.

"तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. आता कुणालाच कडी बसवणार नाही मी."

"तसं नका करू. आम्ही मंग पोरं काढता काढताच मरानं का?" दगूबाई म्हणाली. मग तिने विचारले, "आनखी कितल्या बायासना पोटमा चुडामणनी कडी शे?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. दोघी होत्या, आणि त्यांच्या कड्याही मगनने नंतर तेच अनवटाचे नाव सांगून चुडामणकडून करून आणल्या होत्या. एक तळोद्याकडची, एक नंदुरबारातलीच. दोघींना बोलावले तर बोभाटा होणार, दवाखाना बदनाम होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे तुमच्यात म्हणतात ना? त्या मुठीत दोन बायकांचे जीव होते. दगूबाईने त्यांच्यावरची नजर काढली नाही. डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्याच दिवशीच्या गाडीने परत गेल्या. तळोद्याला त्यांनी स्वतः टांगा केला. दोघींच्या कड्या अजून जागेवर होत्या, तोंडे मात्र फाकू लागली होती. दोन्ही काढून टाकल्या. त्या दोघी अजून जिवंत आहेत, आणि त्यांना माहीतसुद्धा नाही की कोणामुळे.

महिन्याभराने दगूबाई नंदुरबारला आली. दिवस बाजाराचा, मंगळवार. बरोबर भिकुबाई होती. मी दगूबाईच्या मुठीत होते. डॉक्टरीणबाई मगनला सोनाराकडे पाठवायच्या विचारात होत्या, की यापुढे कड्या पक्क्या जोडून दे. मगन काय सांगणार होता देव जाणे. दगूबाई म्हणाली, की आपण स्वतःच सांगू.

चुडामणच्या दुकानात तेव्हा दोघे पाटील बसले होते, सुपारी कातरत. लग्नाच्या साखळ्यांचे बोलणे चालले होते. बाया आत आल्या तशी पुरुषांनी माना फिरवल्या. दगूबाईने मला चुडामणच्या ऐरणीवर ठेवले.

"चुडामणभाऊ, हाई कडी तू बनाडी. बाईना पोटमा, पोरनी पिशवीमा बसाडानी व्हती, पोर नही ऱ्हावाले पाहिजे म्हनीसन. तिन्हं तोंड उघडनं आनि ती पिशवी फाडीसन बाहेर निंघनी. मी मरता मरता वाचनू."

अडकित्ता एका पाटलाच्या हातात तसाच राहिला. चुडामणचे कान लाल झाले. तो माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"माले कोनी सांगं नही," तो शेवटी म्हणाला. "मगन बोलना, न्हानी वहूना पायमा घालानी शे. पाय वाढस. म्हनीसन तोंड उघडं ठेवं. मी पाप नही करं, बाई."

"पाप कोनीच नही करं. सांगं बी कोनी नही. आते मी सांगस. डोकं वर कर आनि ऐक."

दोन्ही पाटील उठले. असे बोलणे बाईमाणसाच्या तोंडी शोभत नाही, असे काहीसे पुटपुटत त्यांनी जोडे घातले आणि निघून गेले. त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. दगूबाईला उभे राहून अजून दम लागत होता. ती त्या गादीवर बसली आणि भिकुबाईलाही तिने हाताला धरून शेजारी बसवले. मग तिने सुरुवातीपासून सांगितले. कडी केवढी, जागा केवढी, भिंती कशा आवळतात, टोक कुठे रुतले. चुडामण आधी जमिनीकडे बघत ऐकत होता. हळूहळू त्याने मला उचलले, उजेडात धरले, टोकांवर नख फिरवले. मग तो माणसासारखे प्रश्न विचारू लागला. टाका मारून जोडले तर टाक्याची गाठ राहील, ती घासून काढावी लागेल, चालेल का? तांबे जास्त घातले तर तार इतकी वाकणार नाही, ते पोटाला चालते का? भिकुबाई म्हणाली की हे डाक्तरीनबाईंना विचार. चुडामणने अंगरखा चढवला आणि तो त्यांच्याबरोबर दवाखान्यात निघाला, भर बाजारातून, दोन बायांच्या मागे.

मला वितळवून नवी जोडवी करून देतो, असे तो म्हणाला होता. दगूबाईने नको म्हणून सांगितले. मला दुकानातच दिसेल असे ठेवायला सांगितले. तेव्हापासून मी इथे चुडामणच्या तराजूवरच्या खिळ्याला आहे, तोंड उघडे, एका बाजूने काळी. गिऱ्हाइके विचारतात हे काय. चुडामण आता सांगतो. काही जण निघून जातात, काही बसतात.

माझ्याविषयी अजून बोलले जाते, की ती कडी घातकी, ती पळाली. म्हणोत. मी पळाले नाही आणि अपशकुनीही नव्हते. माझे तोंड उघडे राहिले कारण सगळ्यांची तोंडे बंद होती, आणि तिचे ऐकायला कान नव्हते. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही डॉक्टर होतील, काही सोनार होतील, बरेचसे नवरे होतील. कधीतरी एखादी बाई पोटावर हात ठेवून तुम्हाला सांगेल, की ते अजून आत आहे. तुमच्या सळईला काही लागणार नाही. तरी तिला परतवू नका. तिला बसायला जागा द्या, पाणी द्या, आणि शोधा.